निवळीचें चालणें

पावसाळ्याची झड ओसरून ओढ्याचें पाणी नितळ होऊं लागलें, म्हणजे त्याच्या संथ डोहावर एक सडपातळ, करडा कीटक इकडून तिकडे सरसर सरकतांना दृष्टीस पडतो. त्यास कोणी निवळी म्हणतात, कोणी पाणनिवळी म्हणतात. विहिरीवर, तळ्यावर किंवा देवळाच्या पुष्करणीवर निवळी पाहिली नाहीं असा मनुष्य आमच्या वाचकांत क्वचितच निघेल. आणि लहानपणीं तिच्या रोखानें खडा टाकून ती बुडते कीं काय याची परीक्षा केली नाहीं, असाही क्वचितच. ती बुडत नाहीं. खडा पडतो, पाण्यावर वर्तुळें उठतात, आणि निवळी त्या वर्तुळांवर हेलकावे घेत पलीकडे जाऊन पुन्हा स्वस्थ उभी राहते. पाण्यावरून चालत जाणें हा निरनिराळ्या देशांच्या धर्मकथांत सिद्धीचा किंवा चमत्काराचा विषय झालेला आहे. परंतु जो चमत्कार आपल्या परसांतल्या विहिरीवर रोज घडतो, त्याकडे मान वळवून पाहण्याची आपणांस संवय नाहीं.

आमचेंही तसेंच होतें, हें आरंभींच कबूल करणें बरें. पदार्थविज्ञान शिकविणें हा आमचा व्यवसाय. इ. स. १९९७ च्या दसऱ्याच्या सुमारास कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका ओढ्यावर सहलीस गेलों होतों. निवळ्या पाहून आम्हीं नेहमींचें व्याख्यान दिलें: पाण्याच्या पृष्ठभागास ताण असतो, त्यामुळें तो ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, आणि हलका कीटक त्यावर उभा राहूं शकतो. प्रथम वर्षाच्या वर्गांतली एक मुलगी बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली होती. तिनें विचारलें, “सर, हिचे पाय जर पाण्यांत शिरतच नाहींत, तर पुढें जातांना ही मागें ढकलते तरी काय? वल्हें पाण्यांत बुडाल्यावांचून होडी कशी चालेल?” आम्हीं उत्तर दिलें, “तेंही पृष्ठताणामुळेंच.” ती “बरें, सर” म्हणून गप्प बसली. तें गप्प बसणें आदराचें होतें, समाधानाचें नव्हतें, हें आम्हांस त्याच वेळीं कळलें होतें. ज्या शब्दानें उभें राहण्याचा उलगडा होतो, तोच शब्द चालण्याच्या प्रश्नावर झांकणासारखा ठेवून आम्ही मोकळे झालों होतों. पुढें या विषयाचा इतिहास पाहतां आढळून आलें कीं, हें झांकण ठेवणारे आम्हीच पहिले नव्हतों. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम त्या जीवाची ओळख. लांब पायांमुळें पुष्कळ लोक निवळीस कोळी समजतात. परंतु कोळ्यास आठ पाय, हिला सहा. ती कीटकच आहे, आणि कुळानें ढेकणाची आप्त आहे. ज्या घराण्यांत ढेकूण जन्मला त्याच घराण्यांत ही डौलदार जलविहारिणी जन्मावी, हा सृष्टीचा विनोदच म्हणावयाचा. ढेकणाप्रमाणें हिलाही सोंड आहे. पाण्यांत पडून तडफडणाऱ्या मुंग्या-माशा पुढच्या आंखूड पायांनीं पकडून त्यांचा रस ती शोषून घेते. मधले दोन पाय सर्वांत कामाचे. वल्हीं मारावयाचीं तीं त्यांनीं. मागचे दोन पाय भार तोलतात व दिशा संभाळतात. सामान्य निवळीचें वजन सुमारें १० मिलिग्रॅम असतें.

पाण्याच्या पृष्ठाविषयींचा वाद मात्र निवळीवरून सुरू झाला नाहीं. तो सुरू झाला बर्फावरून. इ. स. १६११ मध्यें फ्लॉरेन्स येथें विद्वानांच्या बैठकींत प्रश्न निघाला कीं, बर्फ पाण्यावर कां तरंगतो? अरिस्टॉटलचे अनुयायी म्हणाले, त्याच्या पसरट आकारामुळें. गॅलिलिओ म्हणाला, तो पाण्याहून हलका आहे म्हणून. आकाराचा येथें संबंध नाहीं. तेव्हां लोदोव्हिको देल्ले कोलोंबे नांवाच्या प्रतिपक्ष्यानें आबनुसाच्या लांकडाची पातळ चीप आणून पाण्यावर ठेविली. आबनूस पाण्याहून जड. त्याची गोळी बुडाली, पण चीप तरंगूं लागली. बिनतोड वाटणारा हा पुरावा पाहून दुसरा कोणी असता तर त्यानें शब्दांचा खेळ मांडला असता. गॅलिलिओनें चीप जवळून पाहिली. त्यास दिसलें कीं, ती पाण्यावर नाहींच. पाण्याच्या पातळीहून खालीं, एका लहानशा खळग्यांत ती बसलेली आहे, आणि खळग्याच्या कडेनें पाण्याचे बारीक बांध उभे आहेत. इ. स. १६१२ मध्यें, पंडितांच्या लॅटिनमध्यें नव्हे तर लोकांच्या इटालियन भाषेंत लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, खळग्यांतली हवा व चीप हीं दोन्ही मिळून पाण्यास दूर सारतात, आणि दोहोंचें मिळून वजन त्या दूर सारलेल्या पाण्याहून अधिक नसतें. हे बांध कोणती शक्ति उभे धरते, हें त्यास सांगतां आलें नाहीं. परंतु ज्या खळग्याकडे त्यानें बोट दाखविलें, तो आमच्या कथेंत शेवटपर्यंत येणार आहे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या शक्तीचा विचार व्हावयास आणखी दीडशें वर्षें लागलीं. इ. स. १७५१ मध्यें गटिंगेन येथील सेग्नर यानें द्रवाचें पृष्ठ ताणलेल्या पडद्यासारखें मानावें अशी कल्पना मांडली. इ. स. १८०५ मध्यें इंग्लंडांत टॉमस यंग व १८०६ मध्यें फ्रान्सांत लाप्लास यांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें. पाण्याचे कण एकमेकांस ओढतात; आंतल्या कणास चोहोंकडून ओढ असते, पृष्ठावरच्या कणास वरून ओढणारें कोणी नसतें; म्हणून पृष्ठ शक्य तितकें आकुंचित होऊं पाहतें. या ताणाचें मोजमापही झालें. पृष्ठाच्या दर सेंटिमीटर लांबीस तो सुमारें ७३ मिलिग्रॅम वजन तोलूं शकतो. निवळीच्या पायाचा एक सेंटिमीटर भाग पाण्यावर टेकला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजू मिळून सुमारें १४६ मिलिग्रॅमांचा आधार झाला. आणि वजन तर अवघें १० मिलिग्रॅम! हा हिशेब मनुष्यास लावून पाहावा. ६० किलोग्रॅम वजनाच्या गृहस्थास पाण्यावर उभें राहावयाचें झाल्यास त्याच्या पावलांचा परीघ आठ किलोमीटरांहून अधिक पाहिजे. शरीर दुप्पट लांब-रुंद झालें कीं परीघ दुप्पट होतो, पण वजन आठपट होतें. यास्तव ही सिद्धि लहानांसच लाभते. मोठ्यांनीं तिचा हेवा करूं नये.

इकडे प्राणिशास्त्रज्ञ वेगळ्याच मार्गानें निवळीकडे येत होते. इ. स. १७५८ मध्यें लिनीअसनें युरोपांतल्या तळ्यांवरील निवळीस जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘तळ्यांतला ढेकूण’ असा होतो. नातें त्यानें बरोबर ओळखलें होतें. १७९४ मध्यें त्याचा शिष्य फाब्रिसिअस यानें तिला ढेकणापासून वेगळें काढून ‘गेरिस’ ही स्वतंत्र प्रजाति केली. परंतु यापेक्षां मोठें आश्चर्य अद्याप समुद्रावर वाट पाहत होतें. इ. स. १८१५ ते १८१८ या काळांत कोट्झेबू या कप्तानाच्या हाताखालीं ‘रूरिक’ नांवाचें रशियन जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून आलें. त्यावर शामिसो हा जर्मन कवि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून होता, आणि एशशोल्ट्स नांवाचा तरुण वैद्य होता. भर महासागरांत, जेथें किनाऱ्याचें नांव नाहीं, तेथें एशशोल्ट्स यास लाटांवर धांवणाऱ्या निवळ्या आढळल्या. १८२२ मध्यें त्यांतल्या तीन जातींचें वर्णन करून त्यानें त्यांस ‘हॅलोबेटिस’, म्हणजे समुद्रावर चालणारा, असें ग्रीक नांव दिलें. पुढें ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या प्रसिद्ध सफरींत जमा झालेल्या समुद्र-निवळ्यांचा वृत्तांत बुकॅनन व्हाइट यांनीं १८८३ मध्यें लिहिला. आणि १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेच्या लॅना चेंग या विदुषीनें या जीवांच्या अभ्यासास आपलें आयुष्य वाहिलें.

कीटकांच्या लाखों जाति पृथ्वीवर आहेत. परंतु आपला सर्व जन्म खुल्या महासागरावर काढणाऱ्या अवघ्या पांच, आणि त्या पांचही समुद्र-निवळ्या. त्यांपैकीं दोन आमच्या हिंदी महासागरांतही आढळतात. शरीर सुमारें अर्ध्या सेंटिमीटराचें, पंख मुळींच नाहींत, खालीं हजारों मीटर पाणी, वर वादळ. अशा ठिकाणीं या जीवांचा संसार चालतो. अंडीं घालावयास मात्र कांहींतरी आधार लागतो. तो पक्ष्याच्या पिसाचा, लांकडाच्या तुकड्याचा किंवा तरंगत्या ज्वालामुखी दगडाचा मिळेल तेथें घ्यावा लागतो.

भौतिकशास्त्राच्या बाजूनें पुढचें पाऊल एका स्वयंपाकघरांत पडलें. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें ॲग्नेस पॉकेल्स नांवाची कुमारिका राहत असे. जन्म १८६२ चा. त्या काळीं तेथें मुलींस विश्वविद्यालयाचीं दारें बंद. त्यांत आईबाप आजारी. घरकाम व शुश्रूषा करतां करतां भांड्यांतल्या पाण्यावर तेलकटपणा व साबण यांचा काय परिणाम होतो, हें ही मुलगी विसाव्या वर्षाच्या आगेंमागें पाहूं लागली. तिनें पत्र्याची एक पन्हळ केली, तींतील पाण्याचें पृष्ठ आडव्या पट्टीनें लहानमोठें करण्याची सोय केली, आणि गुंडीएवढी चकती पाण्यावरून उचलावयास किती जोर लागतो, तें तराजूनें मोजलें. पाण्याचा ताण कायमचा ठरलेला नसून पृष्ठावर काय पसरलें आहे व तें किती दाटलें आहे यावर तो अवलंबून असतो, हें तिनें अंकांनिशीं दाखविलें. शास्त्रीय पुस्तकें तिला मिळत तीं विश्वविद्यालयांत शिकणाऱ्या धाकट्या भावाकडून. जवळजवळ दहा वर्षें हें काम कोणासही ठाऊक नव्हतें. शेवटीं जानेवारी १८९१ मध्यें तिनें धीर करून लॉर्ड रॅले यांस पत्र लिहिलें. रॅले हे त्या काळचे अग्रगण्य शास्त्रज्ञ, आणि याच विषयावर त्यांचे प्रयोग चालूं होते. त्यांनीं तें पत्र दडपलें नाहीं, आपल्या नांवावर खपविलें नाहीं. भाषांतर करवून शिफारशीसह ‘नेचर’ नियतकालिकाकडे पाठविलें, व तें १२ मार्च १८९१ रोजीं प्रसिद्ध झालें. या विद्याशाखेच्या विस्ताराबद्दल अमेरिकेंतील लँगम्यूर यांस १९३२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि त्याच वर्षीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयानें या बाईंस सन्मान्य डॉक्टर केलें. निवळीच्या दृष्टीनें या शोधाचा अर्थ भयंकर आहे. पाण्यांत साबण मिसळला कीं पृष्ठताण निम्म्याहूनही खालीं येतो, तिचे पाय भिजतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीनच खचते.

पाय भिजत कां नाहींत, हा प्रश्न मग पुढें आला. कमळाच्या पानावरचा जलबिंदु आपल्या वाङ्मयांत अलिप्ततेचा दृष्टांत म्हणून प्राचीन काळापासून वावरत आहे. परंतु ती अलिप्तता कशानें येते, हें बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९९७ मध्यें विस्तारानें दाखविलें. पानावर मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाटी असते; पाणी त्यांच्या टोंकांवर टेकतें आणि मध्यें हवा राहते. खडबडीत व सच्छिद्र पृष्ठें अशा कोंडलेल्या हवेमुळें पाणी कशीं झुगारतात, याचें गणित कॅसी व बॅक्स्टर यांनीं बदकाच्या पिसांचा विचार करतांना १९४४ सालींच मांडलें होतें. निवळीचा पाय त्याच जातीचा निघाला. गाओ व ज्यांग या चिनी शास्त्रज्ञांनीं २००४ मध्यें सूक्ष्मदर्शकानें पाहिलें, तों पायावर मिलिमीटराच्या विसाव्या भागाएवढ्या लांब केसांचें दाट रान, आणि प्रत्येक केसावर त्याहूनही सूक्ष्म चरे. त्या चऱ्यांत हवा कोंडलेली. पाय पाण्यावर दाबला असतां पृष्ठ भेदलें जाण्यापूर्वीं चार मिलिमीटरांहून खोल खळगा पडतो, आणि पायाच्या आकारमानाच्या सुमारें ३०० पट पाणी दूर सारलें जातें. एकटा पाय सर्व शरीराच्या सुमारें १५ पट भार सोसतो. वर केलेल्या आमच्या ढोबळ हिशेबाशीं हा आंकडा जुळतो, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आणि खळगा? चारशें वर्षांपूर्वीं गॅलिलिओनें आबनुसाच्या चिपेभोंवतीं पाहिलेला तोच हा खळगा, तोच हवेचा भाग, तेच पाण्याचे बांध.

येथपर्यंत उभें राहण्याची कथा झाली. ज्या पृष्ठावर निवळी उभी राहते, त्यावरच ती बोलते व ऐकतेही, हें विल्कॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७२ पासून दाखविलें. नर पाय हालवून पाण्यावर बारीक, जलद लहरी उठवितो. समोरून तशाच लहरी उलट आल्या तर तो नर, न आल्या तर ती मादी, असें तो समजतो. १९७९ च्या प्रयोगांत विल्कॉक्स यांनीं मादीच्या पायास इवलासा लोहचुंबक चिकटवून, बाहेरून विजेच्या वेटोळ्यानें तो हालवून तिच्याकडून नराची खूण करविली. समोरच्या नराच्या डोळ्यांवर काळें झांकण घातलेलें होतें. खूण मिळतांच त्यानें तिला नर समजून सोडून दिलें!

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. ज्यांनीं या चालण्याचा विचार केला होता, त्यांची समजूत अशी होती कीं, निवळी पायानें लहरी मागें ढकलते व त्यांच्या प्रतिक्रियेनें स्वतः पुढें जाते. परंतु पाण्यावर लहर उठावयास पाय सेकंदाला निदान २३ सेंटिमीटर वेगानें हालला पाहिजे. याहून मंद हालणाऱ्या वस्तूमागें लहरी उठत नाहींत. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क डेनी यांनीं १९९३ मध्यें आपल्या ग्रंथांत अडचण दाखविली कीं, अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे पाय इतक्या वेगानें हालूं शकत नाहींत. तेव्हां त्या समजुतीप्रमाणें पिल्लांस जागचें हालतांही येऊं नये. पिल्लें तर खुशाल पळत असतात. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीनें ओढ्याच्या कांठीं जो प्रश्न विचारला, त्याच्या शेजारचाच प्रश्न चार वर्षांपूर्वीं छापला गेला होता. तो आम्हीं वाचलेला नव्हता, आणि तिनें विचारला तेव्हां ऐकलाही नाहीं.

उत्तर आलें इ. स. २००३ मध्यें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांत गणिताचे अध्यापक जॉन बुश व त्यांचे विद्यार्थी डेव्हिड हू आणि ब्रायन चॅन यांनीं निवळ्या पाळल्या, पाण्यांत रंग मिसळला, आणि अतिशय जलद चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यानें पृष्ठाच्या खालीं काय होतें तें पाहिलें. प्रत्येक वल्ह्यासरशीं पायामागें पाण्यांत भोंवऱ्यांची एक जोडी सुटून मागें जातांना दिसली. पाय बुडत नाहीं हें खरें; परंतु पायाखालचा खळगा पाण्यांतच असतो, आणि तो खळगाच वल्ह्याचें पातें होतो. पृष्ठ न भेदतां, पृष्ठासकट पाणी मागें लोटलें जातें. त्यांनीं शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा, पोलादी तारेचे पाय व एक लवचीक दोरा घेऊन यांत्रिक निवळी केली. तीही पाण्यावर चालली. पिल्लांचें कोडें सुटलें, कारण भोंवरा उठावयास २३ सेंटिमीटरांची अट नाहीं. तथापि लहरींचा पक्ष अगदींच खोटा ठरला असेंही नाहीं. २००७ मध्यें ब्यूलर या गणितज्ञानें दाखविलें कीं, पृष्ठावर क्षणिक आघात झाला असतां संवेगाचा सुमारें एक तृतीयांश भाग लहरींत व दोन तृतीयांश भोंवऱ्यांत जातो.

हा सर्व इतिहास पाहतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. ज्ञान अडलें तें पुष्कळदां अज्ञानापाशीं नव्हे, तर पुरेशा वाटणाऱ्या शब्दापाशीं. ‘आकार’ हा शब्द फ्लॉरेन्सच्या पंडितांस पुरेसा वाटला. ‘लहरी’ हा शब्द आमच्या पूर्वींच्यांस पुरेसा वाटला. ‘पृष्ठताण’ हा आम्हांस वाटला. यांतला कोणताही शब्द सर्वस्वीं खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक फसवा होता. प्रत्येक वेळीं पुढें गेलीं तीं माणसें खालीं वांकून पाण्याकडे पाहणारीं होतीं. त्यांत कोणी जहाजावरचा वैद्य होता, कोणी भांडीं घासणारी कुमारिका होती.

गेल्या वर्षीं आम्ही पुन्हा त्या ओढ्यावर गेलों. वरच्या अंगास वस्ती वाढली आहे, आणि ओळखीच्या डोहावर साबणाचा फेस सांचलेला होता. तेथें एकही निवळी नव्हती. वस्तीच्याही वर, अर्धा तास चढून गेल्यावर, स्वच्छ पाण्यावर त्या दिसल्या. समुद्रावरच्या त्यांच्या बहिणींची तऱ्हा उलट आहे. उत्तर प्रशांत महासागरांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म तुकडे इतके वाढले कीं, त्यांवर समुद्र-निवळ्या पूर्वीपेक्षां अधिक अंडीं घालूं लागल्या, असें २०१२ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. एकीच्या पायाखालची जमीन आम्ही काढून घेतों, दुसरीला कचऱ्याची जमीन बांधून देतों. दोन्ही गोष्टी तिच्याकडे न पाहतांच करतों.

त्या विद्यार्थिनीची पुन्हा गांठ पडली नाहीं. ती आतां संसारांत असेल, कदाचित् तिचीं मुलेंही महाविद्यालयांत जात असतील. हें मासिक तिच्या घरीं येत असल्यास तिनें कृपा करून हा लेख आपल्या प्रश्नाचें उत्तर समजावा. बाई, तुमचा प्रश्न योग्य होता, आणि तुम्ही ज्यास वल्हें बुडणें म्हणत होतां तें खरोखरच घडत होतें. फक्त तें पाहावयास आम्ही तुमच्या शेजारीं पाण्याच्या कांठीं बसावयास पाहिजे होतें.